अचानक काही झालं नव्हतं

राजहंसगडाच्या तिसऱ्या वळणावर मला खोकला आला आणि मी कठड्याला टेकून उभी राहिले. श्रावणातली भुरभुर चालू होती. पाऊस म्हणावा असा नाहीच — नुसता ओलावा, केसांवर, पापण्यांवर येऊन बसणारा. वर्षापूर्वी हा सगळा चढ मी न थांबता धावायचे. आता चालत तिसरं वळण गाठलं तरी पाठीत डावीकडे, जिथून डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं होतं तिथं, आतून कुणी दोरा ओढल्यासारखं व्हायचं.

खालून कुणीतरी धावत येत होतं. पावलांच्या आवाजावरूनच कळत होतं, या माणसाला धावता येत नाही. टाचा आपटत, तोंडानं श्वास ओढत तो वळणावर आला, मला बघून थांबला — आणि थांबायला निमित्त मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर इतका उघड होता की मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी.

त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी मान हलवली. सहा महिने घरात माझा पेला वेगळा होता, ताट वेगळं होतं. गरज संपली तरी सवय गेली नव्हती.

"उष्टी न्हाय," तो म्हणाला. "अजून तोंड लावलेलं न्हाय."

"तुम्हालाच जास्त गरज हाय," मी म्हणाले. "आणि वर बघत पळू नका. चढाला दोन पावलांपुढची जमीन बघायची. वर बघितलं की पाय आधीच दमतात."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"माझी बहीण हेच म्हणायची."

आणि मग मला तो चेहरा ओळखू आला. माझ्या मैत्रिणीच्या, सौम्याच्या मोबाईलवरच्या दिवाळीच्या फोटोत तो तिच्या खांद्यावर कोपर टेकून उभा होता. तेच रुंद कपाळ, तीच किंचित वर चढलेली डावी भुवई. माझी छाती साथ देती तर मी तिथूनच खाली पळाले असते.

"तुम्ही समर्थ," मी म्हणाले. "निपाणीचे."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. वाळलेली मनगटं, अंगावर सैल झालेलं जर्किन...

"म्हणजे तुम्ही रक्षा."

"व्हय."

खाली येळ्ळूरच्या भातशेतांवरून ढग सरकत होते.

सौम्या आणि मी अनगोळच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी पीटी. वडगावात आमच्याच गल्लीत तिनं खोली घेतली होती, पण जेवायला असायची आमच्या घरी. चार वर्षं आम्ही दोघी दर रविवारी हा गड धावत चढलो. सुरुवातीला ती मागं असायची, मग बरोबरीला आली, शेवटच्या वर्षी पुढं. मग गेल्या ऑक्टोबरात आम्ही नेपाळला गेलो. पाच हजार मीटरच्या वरची एक खिंड ओलांडायची, एवढंच आमचं दोन वर्षांचं स्वप्न होतं. मला तिथं खोकला लागला होता, म्हणून वाटेत आमच्या वाटाड्याचं सगळं लक्ष माझ्यावर. आणि परत आले ती मी. सौम्या पेटीतून आली. तिला निपाणीला नेलं तेव्हा मी इथं दवाखान्यात होते. माझ्या फुप्फुसाभोवती दीड लिटर पाणी साठलं होतं. टीबी. त्या घरच्यांना मी कधी भेटलेच नव्हते.

समर्थ तेव्हा पुण्यात नोकरीला होता. वडील आधीच गेलेले. आई एकटी पडली म्हणून त्यानं पुणं सोडलं आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीनवर काम धरलं. आठवड्यातून एकदा निपाणी, बाकीचे दिवस इथं खोलीवर. बहीण ज्या गडाबद्दल एवढं बोलायची तो एकदा पायाखाली घालावा म्हणून तो आला होता. हे सगळं त्यानं कठड्यावर बसून, बाटलीचं झाकण फिरवत सांगितलं. मला दोष दिला नाही. एकच गोष्ट विचारली — शेवटी तिला फार त्रास झाला का.

"अचानक झालं," मी म्हणाले. "काही कळायच्या आत."

हेच वाक्य मी तिथल्या पोलिसांना सांगितलं होतं, शाळेत सांगितलं होतं, माझ्या आईला सांगितलं होतं. इतक्यांदा सांगितलं की ते आता आपोआप बाहेर यायचं, खोकल्यासारखं. ते खरं नव्हतं.

निघताना त्यानं विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का, मला पळायला शिकवाल का. मी नाही म्हणायला हवं होतं.

"या," मी म्हणाले. "मी पहिल्या वळणाला थांबतो."

तो हसला. मी विचारलं, काय झालं.

"पुण्यात पाच वर्षांत एक पोरगी 'मी थांबतो' म्हणाली न्हाय. सगळ्या थांबते, येते, जाते. आपल्याकडल्या बायकांचं 'थांबतो' ऐकलं, घरी आल्यासारखं वाटलं."

मला लाज वाटली की राग आला, ते मला कळलं नाही. पण त्या रात्री गोळी न घेता झोप लागली.

मग रविवार येऊ लागले. डॉक्टरांनी मला हळूहळू धावायला परवानगी दिली होती — दहा पावलं धाव, वीस चाल, आणि दम लागला की तिथंच थांब. मी मोजत चढायचे. समर्थ माझ्यापेक्षा भरभर जाऊ शकत असूनही मागं राहायचा, आणि मी वळून बघितलं की बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचा. एका चढात त्यानं सात वेळा नाडी बांधली तेव्हा मी म्हणाले, नवे बूट घ्या. तो म्हणाला, बुटाचा दोष न्हाय... पुढं जाणाऱ्याचा हाय.

मी त्याला टाचेवर न आपटता पंजावर पाय टाकायला शिकवलं. खांदे सोड, मुठी आवळू नकोस, उतारावर अंग मागं टाकू नकोस. हे सगळं मी सौम्याला शिकवलं होतं. कधी कधी त्याचा पाय तिच्यासारखा पडायचा, आणि मी जागच्या जागी थांबायचे. तो विचारायचा, खोकला? मी म्हणायचे, व्हय.

खाली येळ्ळूरला आल्यावर आम्ही गरम भजी खायचो आणि चहा प्यायचो. तिथं एकदा गर्दीत त्यानं माझ्या हातातला अर्धा चहा उचलला आणि पिऊन टाकला. मी बघतच राहिले. आमच्या घरात सुद्धा अजून कुणी माझ्या पेल्याला हात लावत नव्हतं. तो दुसरीकडं बघत होता, जणू काही झालंच नाही... पण त्याचे कान लाल झाले होते.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही.

गणपतीत तो आमच्या घरी आला. आमच्याकडं घरालगतच यंत्रमागाची शेड आहे. मागाच्या खडखडाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, आम्ही लहानपणापासून खुणांनीच बोलतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे यमनाप्पांनी, त्याला खुणेनं विचारलं, कुठलं गाव. त्यालाही खूण कळली की काय, त्यानं हातानं निपाणीजवळचा तवंदीचा घाट काढून दाखवला — वर, वळण, खाली. आप्पा हसले. मग एक माग कुरकुरत होता तो त्यानं बाह्या वर करून तासभर दुरुस्त केला. तो गेल्यावर आई मला म्हणाली की पोरगा चांगला आहे, पण त्याच्या घरी तुझं नाव घेतलं की त्या माउलीला काय वाटत असेल, याचा विचार कर. मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी पहिल्यांदा न थांबता वर पोचले. धावत नव्हे, धावत-चालत, पण कुठंही न थांबता. सिद्धेश्वराच्या देवळासमोर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले तेव्हा छाती दुखत नव्हती, नुसती धडधडत होती. समर्थ मागून आला. त्यानं अभिनंदन वगैरे केलं नाही. शेजारी उभा राहिला. वारा सुटला होता, आणि त्याची बाही माझ्या बाहीला लागत होती.

"रक्षा... मला रविवार पुरेना झालाय."

मी खाली बघत राहिले. दोन पावलांपुढची जमीन.

"मग शनिवारी पण ये," मी म्हणाले.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी मला शाळा असती."

"शाळेतनं घरी येतीस की न्हाय?" त्याचा आवाज हलका होता, पण तो माझ्याकडं बघत नव्हता. "ते घर... माझं असलं तर चालंल काय?"

मला वाटलं, हा क्षण इथंच थांबावा. खरंच वाटलं. सुख एवढं जवळ आलं होतं की हात पुढं केला की लागेल. मग तो म्हणाला, आईला सगळं सांगितलंय. आई म्हणाली, घेऊन ये तिला. सौम्याचे शेवटचे दिवस तिला माझ्याकडून ऐकायचे होते; ऐकून तिला जरा बरं वाटेल, असं त्याला वाटत होतं.

मी देवळाच्या पायरीवर बसले.

"समर्थ, अचानक काही झालं नव्हतं."

आणि मी सांगितलं. खिंडीच्या आदल्या मुक्कामावर सौम्याचं डोकं दुखत होतं. आदल्या दिवसापासून. दुपारी लॉजच्या मागच्या भिंतीआड ती दोनदा ओकली. मी तिची पाठ चोळली. ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस, उंची बाधली म्हणून खाली पाठवतील. चार वाजता वाटाड्या आला. त्यानं आधी माझं बोट रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात घालून बघितलं, माझा खोकला ऐकला. मग सौम्याला विचारलं. ती बरी आहे म्हणाली. त्याचा विश्वास बसला नसावा, कारण त्यानं मान वळवून मला विचारलं, तुमची मैत्रीण ठीक आहे ना? मी म्हणाले, ठीक आहे.

सकाळी तिला बुटाची नाडी बांधता येईना. गाठ कशी मारायची तेच आठवेना. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. वाटाड्यानं तिला पाठीवर बांधून खाली नेलं. दुपारी बाराच्या आसपास, वाटेतच...

समर्थ समोरच्या तटाकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "तिनंच सांगू नको म्हटलं. तू काय करणार होतीस?"

तो मला वाट करून देत होता. मला तिथं थांबता आलं असतं. तेवढंही त्याला पुरलं असतं, आम्ही दोघं हातात हात घालून खाली उतरलो असतो, आणि तो उरलेला भाग आयुष्यभर आमच्या दोघांच्या मध्ये झोपला असता.

"न्हाय," मी म्हणाले. "वाटाड्या एकच होता. तिला खाली न्यायचं म्हटलं तर मलापण उतरावं लागलं असतं. मला ती खिंड बघायची होती, समर्थ. मी तिच्यासाठी गप्प बसलो न्हाय. माझ्यासाठी बसलो."

त्यानं एकच विचारलं — ती दोनदा ओकली हे नक्की का. मी म्हणाले, नक्की. तो उठला आणि खाली चालू लागला. धावला नाही. मागंही बघितलं नाही. मी तिथं बसून होते, अंग गार पडेपर्यंत.

चार दिवस त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. पाचव्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि निपाणीची बस धरली. त्याच्यासाठी नव्हे. त्याला सांगून झालं होतं, पण जिला सांगायला हवं होतं ती अजून राहिली होती.

समर्थची आई, शालूबाई, दारातच घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आतच, फोटोवरून ओळखून त्या म्हणाल्या, "किती वाळलीस गं." मला आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवर सौम्याचा फोटो होता; मी त्याच्याकडं पाठ करून बसले नाही. समर्थनं घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, ते त्यांच्या बोलण्यावरून लगेच कळलं. मी सांगायला सुरुवात केली. देवळासमोर सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं, शेवटच्या वाक्यापर्यंत. त्यांचे हात शेंगांवर तसेच थांबले होते.

सगळं संपेपर्यंत बाहेर एक टेम्पो थांबून, माल उतरवून निघून गेला.

"त्या दुपारी तिचा मला फोन आलता," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"म्हणाली, आई, डोकं लई दुखतंय. मी म्हटलं, गोळी घे आणि पड जरा. ती म्हणाली, परत फिरू काय गं?" शालूबाईंनी एक शेंग उचलली आणि परत टाकली. "मी म्हटलं, एवढं लांब गेलीयास, आता बघूनच ये. मला काय म्हाईत, पोरी... आमच्या डोंगरावर डोकं दुखून कोण मरतंय व्हय?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही.

"वर्ष होत आलं. कुणाला सांगितलं न्हाय. समर्थला पण न्हाय. तू सांगितलंस म्हणून सांगतो."

त्यांनी मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. माफ करायचा अधिकार जिचा होता ती भिंतीवर होती. आम्ही दोघी तिथंच बसून उरलेल्या शेंगा मोडल्या. मग त्यांनी भाकरी टाकली आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी निघताना त्या म्हणाल्या, समर्थला मी सांगतो. त्याची वाट बघू नकोस, आला तर येईल.

मी वाट बघितली नाही असं म्हणणं खोटं ठरेल, आणि खोटं बोलणं आता मी सोडलं होतं. दर रविवारी मी एकटी गडावर जायचे. पावलं वाढत होती — वीस धाव, दहा चाल. मग पन्नास धाव, दहा चाल. अंग बरं होत होतं. मन बरं नसताना अंगानं असं परस्पर बरं होत जाणं मला जरा बेइमानीचंच वाटायचं. सौम्याचं वर्षश्राद्ध झालं, ते मला गल्लीतल्या तिच्या जुन्या घरमालकिणीकडून कळलं. मला बोलावणं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी परतीचा पाऊस पडून गेला होता. मी वर पोचले तेव्हा समर्थ देवळाच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली. मी जरा अंतर ठेवून बसले. त्यानं आधी माझ्या श्वासाकडं कान दिला, हे मला कळलं.

"कुठं थांबलीस काय?"

"एकदाच."

त्यानं मान हलवली. मग तो बोलायला लागला, समोर बघत.

"आईनं सांगितलं. तू आलतीस त्याच दिवशी. रक्षा, मला आईचा एक मिनिट पण राग आला न्हाय. आणि तुझा जाईना. दोघींनी एकच केलं, मग असं का... तेच बघत होतो इतके दिवस."

"मग?"

"आई मिळालेली असती. तुला मी शोधलंतं. म्हणून जास्त लागलं."

मी बुटाला चिकटलेलं ओलं गवत काढत राहिले.

"पण एक हाय," तो म्हणाला. "मी तुला सोडलंतं त्या दिवशी. तिनंच नको म्हटलं, असं म्हणून मोकळं केलंतं. तू मोकळी झाली न्हाईस. तेवढ्यावर थांबली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "ते आठवलं की वाटतं, हिच्यावर विश्वास टाकता येईल. आणि मग परत राग येतो."

"येऊ दे," मी म्हणाले. "मी जा म्हणत न्हाय त्याला."

वारा ओल्या गवतावरून येत होता. त्यानं सांगितलं की पुढच्या सोमवारी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, इथंच बेळगावात. आठवडाभर ती त्याच्या खोलीवर राहील. डोळ्यांत औषध घालायला बाई ठेवू, असं तो म्हणाला होता. तर आई म्हणाली, रक्षाला विचार.

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मला तिला विचारायचंच हाय." तो थांबला. "पण डोळ्यांसाठी न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही, आणि दोन्ही लपवायला मी मान खाली घातली. हळूच म्हणाले की शाळेतून चारला सुटते, साडेचारपर्यंत औषध घालायला पोचेन. आठवडाभर. आणि त्याच्या पुढंही... त्यानं विचारलं तर.

"लगेच न्हाय विचारणार," तो म्हणाला. "अजून रागात हाय मी."

"बरं."

तो उठला. पावसानं उतरणीचे दगड निसरडे झाले होते. पहिल्याच दगडावर तो थांबला, वळला, आणि त्यानं हात पुढं केला — रागातच. मी तो धरला, आणि आम्ही सावकाश खाली उतरायला लागलो.